समुद्र माणसाला खाली ओढतो का?

1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. अशा दुर्घटनांनंतर 'समुद्राने ओढून नेले' असे म्हटले जाते. प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण नसते. ओहोटी, खोलीचा चुकलेला अंदाज, पोहता न येणे, असे बरेच काही असते. परंतु 'ओढून नेणे' म्हणजे नेमके काय, हे विज्ञानाला उमगायलाही बराच काळ लागला.

फुटलेल्या लाटेचे पाणी तळालगत परतताना माणसाला खाली खेचते, असा समज पूर्वी सर्वत्र होता. या ओढीला इंग्रजीत 'अंडरटो' म्हणत. काही जण भरती-ओहोटीला दोष देऊन 'रिप टाइड' म्हणत. अमेरिकन भूवैज्ञानिक फ्रान्सिस शेपर्ड यांनी 1936 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या नावांवर आक्षेप घेऊन 'रिप करंट' हा शब्द पुढे आणला. हा प्रवाह माणसाला तळाकडे नेत नाही, तर किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे नेतो. 1941 मध्ये शेपर्ड, एमरी आणि ला फाँड यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

यांपैकी यूजीन ला फाँड 1952 मध्ये आंध्र विद्यापीठात अध्यापनासाठी आले. वॉल्टेअरच्या किनाऱ्यावरील वाळू ऋतुमानानुसार कशी साचते आणि वाहून जाते, याचा अभ्यास तेथे झाला. भारतीय समुद्रशास्त्रज्ञांची एक पिढी त्या वर्गांतून घडली. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे.

या प्रवाहामागचे गणित उलगडण्याचा मार्ग 1960च्या दशकात लाँगेट-हिगिन्स आणि स्ट्यूअर्ट यांच्या सिद्धांताने खुला केला. लाट आपल्यासोबत संवेग आणते. ती फुटते तेव्हा किनाऱ्यालगत पाण्याची सरासरी पातळी किंचित चढते. वाळूच्या उथळ बांधांवर लाटा जोराने फुटतात, तेथे ही चढ अधिक असते. दोन बांधांमधील खोलगट वाटेत लाटा कमी फुटतात, तेथे ती कमी असते. मग साचलेले पाणी त्या वाटेकडे वळते आणि एका अरुंद पट्ट्यातून समुद्राकडे धावते. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला 2 मीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगाविरुद्ध कसलेला पोहणाराही टिकत नाही.

डोळ्यांची फसगत येथेच होते. फेसाळणाऱ्या लाटांमधला जो पट्टा शांत दिसतो, तोच बहुधा या प्रवाहाचा मार्ग असतो. पुण्यापासून बंगळूरच्या व्हाइटफील्डपर्यंत, समुद्रापासून दूर राहणारे आपण सुटीत गोव्याला किंवा कोकणात गेलो की नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो.

शेपर्ड यांचा आग्रह केवळ शब्दापुरता नव्हता. पाणी खाली ओढते असे मानणारा घाबरून सरळ किनाऱ्याकडे झुंजत राहतो आणि थकून बुडतो. प्रवाह अरुंद आहे आणि फुटणाऱ्या लाटांपलीकडे त्याचा जोर ओसरतो, हे ठाऊक असलेला शक्ती राखून तरंगत राहतो, हात उंचावून मदत मागतो आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला होतो. अर्थात, पोहता न येणाऱ्याने जीवरक्षक नसलेल्या पाण्यात उतरूच नये, आणि लाल झेंड्यापुढे कोणीही जाऊ नये.

शाळेच्या भूगोलात भरती-ओहोटी शिकवली जाते. सहलीला निघणाऱ्या मुलांना रिप करंटही त्याच तासाला शिकवता येईल.