छायालेखनाचे स्वतंत्र पारितोषिक

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके सुरू झाली, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स लाभले. मूळ पुस्तकाचे कर्ते साने गुरुजी यांचे जन्मस्थान पालगड हे लांज्याच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. छायालेखनास मात्र त्या वेळी निराळे पारितोषिक नव्हते. ते १९६७ च्या चित्रपटांपासून मिळू लागले, आणि तेही कृष्णधवल व रंगीत अशा दोन विभागांत. रामचंद्र (‘बंबई रात की बाहों में’) व एम. एन. मल्होत्रा (‘हमराज’) हे अनुक्रमे पहिले मानकरी होत. छटांनी बोलणारे चित्र व वर्णांनी बोलणारे चित्र एकाच तराजूत तोलणे न्याय्य नव्हे, हे या विभागणीने मान्य केले. तथापि कथेपासून छायालेखन वेगळे काढून त्याचे मूल्यमापन करता येते काय, हा मूलगामी प्रश्न तिने सुटला नाही. समग्र कृतीच्या गौरवात छायालेखकाचे नाव सहज विरते. स्वतंत्र पारितोषिकाचे खरे समर्थन येथेच आहे.