लाल पेल्याची खरी ओळख

हिवाळा सरत आला की युरोपातील ओलसर जंगलांत करड्या पाचोळ्याखेरीज फारसे काही दिसत नाही. अशा वेळी शेवाळाने झाकलेल्या एखाद्या कुजक्या फांदीवर लालभडक रंगाचे, दोन ते पाच सेंटिमीटर रुंदीचे नाजूक पेले उगवलेले आढळतात. हे एक प्रकारचे कवक असून इंग्रजीत त्याला ‘स्कार्लेट एल्फ कप’ म्हणतात. त्याचा रंग आणि आकार इतका ठळक असतो की ओळखण्यात चूक होणे अशक्यच वाटावे. प्रत्यक्षात मात्र ही चूक दीर्घकाळ होत आली.

निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोली यांनी १७७२ मध्ये या कवकाचे वर्णन केले. ‘सार्कोसायफा कॉक्सिनिया’ हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. युरोप आणि उत्तर अमेरिकेत आढळणारे बहुतेक लाल पेले पुढे याच नावाखाली नोंदवले गेले. १९८४ मध्ये जर्मन कवकतज्ज्ञ हान्स-ओटो बारल यांनी युरोपातील, तर १९९० मध्ये हॅरिंग्टन यांनी उत्तर अमेरिकेतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा या एका नावाआड अनेक जाती दडल्या असल्याचे स्पष्ट झाले. ‘ऑस्ट्रियाका’ ही त्यांतील एक प्रमुख जाती. दोन्ही पेले शेजारी ठेवले तरी नुसत्या डोळ्यांना त्यांतील फरक खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाचाच आधार घ्यावा लागतो.

पेल्याच्या आतील लाल पृष्ठभागाचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला असता उभ्या, अरुंद नळ्यांची दाटी दिसते. या नळीला ॲस्कस म्हणतात. प्रत्येक नळीत आठ बीजाणू एका रांगेत असतात. नळीच्या टोकाला सूक्ष्म झाकण असते. ते उघडले की बीजाणू वेगाने बाहेर फेकले जातात. आयोडीनयुक्त द्राव टाकल्यास ‘पेझिझा’ प्रजातीच्या कवकांत नळीचे टोक निळे होते. सार्कोसायफात ते होत नाही. त्यामुळे प्रजातीच्या पातळीवरील एक शंका येथेच दूर होते.

जाती ठरविण्यासाठी बीजाणूंची लांबी पुरेशी नाही. दोन्ही जातींत ती साधारण २५ ते ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तितक्या पट असते. निर्णायक ठरतो तो आकार. कॉक्सिनियाच्या बीजाणूंची टोके गोलसर असतात, तर ऑस्ट्रियाकाच्या बीजाणूंची टोके बहुधा चपटी, छाटल्यासारखी दिसतात. दुसरा पुरावा पेल्याच्या बाहेरील फिकट लवेत मिळतो. कॉक्सिनियाचे केस सरळ किंवा किंचित वाकलेले असतात. ऑस्ट्रियाकाचे केस बुचाच्या स्क्रूसारखे पिळदार असतात. अमेरिकेतील ‘डडलियाय’ ही तिसरी जाती बीजाणूंतील तेलाच्या दोन मोठ्या थेंबांवरून ओळखता येते. मात्र हे थेंब ताज्या नमुन्यातच पाहावे लागतात. नमुना वाळला किंवा रसायनात ठेवला, की लहान थेंब एकमेकांत मिसळतात आणि दिशाभूल होते.

या तपासणीचे महत्त्व विरळ नमुन्यांत विशेष जाणवते. क्वचित एखादा पेला लालऐवजी पिवळा किंवा पांढरा निघतो. रंगावर विसंबणाऱ्याला ती नवीच जाती वाटेल. परंतु पिळदार केस आणि चपट्या टोकांचे बीजाणू दिसले, तर तो रंगद्रव्य गमावलेला ऑस्ट्रियाकाच आहे, हे सिद्ध होते.

हा वाद केवळ नावाचा नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात ज्याला वर्षानुवर्षे कॉक्सिनिया म्हटले गेले, ते लाल पेले ऑस्ट्रियाका आणि डडलियाय निघाले. खरा कॉक्सिनिया तेथे पॅसिफिक किनाऱ्याकडे आढळतो. कोणती जाती कोठे वाढते, ती कमी होत आहे की वाढत आहे, याची उत्तरे अशा नोंदींवरच अवलंबून असतात. ज्या जुन्या नोंदींसोबत नमुना जपलेला नाही, केवळ ‘लाल पेला’ एवढाच उल्लेख आहे, त्यांचा उलगडा आता होणे नाही.

याच कुळातील ‘कुकाइना’ प्रजातीचे पेले पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलांतही कुजक्या लाकडावर दिसतात. त्यांचे छायाचित्र टिपणारे हौशी निसर्गप्रेमी आज पुष्कळ आहेत. छायाचित्रासोबत स्थळ, दिनांक आणि लाकडाचा प्रकार नोंदवला आणि, परवानगी असेल तेथे, एखादा नमुना अभ्यासकाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचला, तर ती नोंद पुढच्या पिढीलाही पडताळून पाहता येईल.