कापडी छताची लाल परी

या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून.

गेल्या वर्षी आम्ही तीन मित्रांनी जुनी व्हॅन घेऊन कॅम्पर केली. कॅरिअरसाठी टपाला भोकं पाडली, वर सिलिकॉन थापलं, झालं! जुलैत ताम्हिणीत मुक्काम केला आणि रात्री दोनला पाणी थेट इन्व्हर्टरवर. मित्राची चार वर्षांची मुलगी त्याला टेकून झोपली होती. मेन स्विच हाताशी होता म्हणून निभावलं.

आजोबांना सांगितलं. ते दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॉडी बांधायचे. म्हणाले, "कोरडं केलंस ते ठीक. शिरलं कुठून?" मी म्हटलं, टपकलं तिथूनच. ते हसले. पाणी शिरतं एका जागी, पत्र्याखालच्या पट्टीवरून सरकतं आणि टपकतं भलतीकडेच. छत गळतं ते पत्र्यातून नाही, सांध्यातून.

इथून मी एसटीच्या इतिहासात शिरलो. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. बॉडी लाकडी आणि छत चक्क कापडी! तारीख बघा, मृग लागायला जेमतेम आठवडा. आज आपण हे 'बघा किती साधे दिवस' म्हणून सांगतो. पण मला वाटतं, आपल्याकडे त्यात नवल काहीच नव्हतं. गवताचं असो की कौलाचं, छप्पर दरवर्षी पावसाआधी शाकारायचं, हे घराघरात ठरलेलं. छप्पर एकदा घालून विसरायची गोष्ट नव्हतीच.

पुढे लाकूड-कापड गेलं, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट आले. धातू उन्हात फुगतो, रात्री आकसतो. रोज हेच. रिव्हेट सैल होतात, सांध्यातलं सीलंट कडेने सुटतं. म्हणजे धातूच्या छतालाही शाकारणी लागतेच, फक्त तिला आपण मेंटेनन्स म्हणतो आणि पुढे ढकलतो.

या मे महिन्यात आजोबांनी खुर्ची टाकून आमच्याकडून काम करून घेतलं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलं. प्रत्येक पट्टीखाली ब्युटाइल टेप, मग स्क्रू. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला, कौलासारखा. पाणी साचू नये म्हणून थोडा उतार. शेवटी एकाने वरून पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं, सुरुवात खालच्या सांध्यापासून. दोन जागा सापडल्या.

पहिल्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची नावं आज सहज सापडतात. ते कापड पावसाआधी कोणी तपासलं, त्याचं नाव मला कुठेच मिळालं नाही. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "गळलं नाही ना? मग कोण विचारतं!"

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर मृगाआधी जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात!