सुईणीच्या ओटीपासून इस्पितळाच्या बिलापर्यंत

आपल्या आजी-पणजीच्या काळी माणदेशातील खेड्यांत बाळंतपण सुईणीच्या हातून होई. बारसे झाले की तिची ओटी भरत, सुपातून जोंधळे आणि वर खण-नारळ देत. कागद नव्हता, पण कोणाच्या हातून काय झाले आणि त्याबद्दल काय दिले, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असे.

पुढे शिकलेल्या परिचारिका आल्या. 1891 साली बाई काशीबाई गणपत ह्या शिक्षणासाठी मुंबईत आल्या. 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले व तेथून अनेक भगिनी परिचारिका झाल्या. रोग्याची रात्रंदिवस सेवा त्यांनी केली. परंतु बिलावर नाव राहिले ते डॉक्टरचे किंवा इस्पितळाचे.

काम एकीचे आणि बिल दुसऱ्याचे, हा प्रश्न अमेरिकेत अगदी उघड्यावर आला. तेथे 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी रोगी तपासणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. 1997 च्या कायद्याने त्यांना वृद्धांच्या सरकारी विम्याकडे स्वतःच्या नावाने बिल पाठवण्याची मुभा सर्वत्र मिळाली. मात्र दर डॉक्टरच्या 85 टक्के. तेच काम डॉक्टरच्या नावावर घातले तर पूर्ण 100! डॉक्टरने उपचार सुरू करून दिलेले असतील आणि कामावर डॉक्टरची थेट देखरेख असेल, तरच नियम ह्याला परवानगी देतो. अशी देखरेख नसताना जाणूनबुजून डॉक्टरचे नाव लिहिणे म्हणजे सरकारची फसवणूक होय. पंधरा टक्क्यांचा मोह तो एवढाच. पण सही करणारीची अब्रू त्यात पणाला लागते.

भगिनींनो, हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. 2012 साली राज्याची जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्या ठरीव रकमेत शुश्रूषा धरलेलीच असते. तिचे पैसे रोग्याकडून निराळे घेणे योग्य नव्हे. 2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांत परिचारिकाही आहेत. त्यांच्या मोबदल्याचा काही भाग नोंदवलेल्या कामावर ठरतो. न तपासलेल्या बाईचे नाव वहीत चढवण्याचा मोह येथेही संभवतो. असा खोटा आकडा पगार वाढवील, पण त्या बाईचा रक्तदाब तपासायचा तो राहूनच जाईल.

2020 च्या करोनाच्या साथीत सरकारने खाजगी इस्पितळांचे दर बांधून दिले व बिले तपासण्यास लेखापरीक्षक नेमले. 2021 च्या नियमांनी दरपत्रक दर्शनी भागी लावणे आले. परंतु फलक वाचणार कोण?

वाण्याची यादी आपण दोनदा ताडून पाहतो. मग इस्पितळाचे बिल न वाचता सही-अंगठा का करावा? कोरा कागद पुढे आला तर परत द्यावा. तपशीलवार बिल मागावे. कोणी तपासले, काय केले, केव्हा केले, हे विचारावे. आणि खोटी नोंद लिहिण्यास नकार देणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी आपण सर्वजणींनी उभे राहावे. कारण ती जी वही राखते, तिच्यात आपलेच नाव लिहिलेले असते.