कराची ते मुंबई : ८७५ किलोमीटरचा इतिहास

१/ कराची आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. जेट विमानाला त्यासाठी दीड तास पुरेसा आहे. तरीही आज हा प्रवास करू पाहणाऱ्याला १९३२ सालच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानाइतका वेळ सहज लागतो. असे का झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ त्या काळी लंडनचे टपाल इम्पिरियल एअरवेजच्या मार्गाने कराचीला येई. तेथून ते मुंबई-मद्रासला नेण्याचे काम टाटांच्या नव्या हवाई सेवेने पत्करले.

३/ १५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून 'पस मॉथ' विमान उडवले. सोबत प्रवासी नव्हते, केवळ टपाल होते. अहमदाबादला इंधन घेतले. ते पेट्रोल बैलगाडीतून आणले होते! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. एकूण वेळ सुमारे सव्वासात तास.

४/ हे उड्डाण एकाच प्रांतातील दोन शहरांमधले होते, हे विशेष. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. तोवर मुंबई ही कराचीकरांच्या इलाख्याचीच राजधानी होती.

५/ फाळणीने या दोन शहरांमध्ये सीमा आणली. कराचीहून बोटीने आलेली असंख्य सिंधी कुटुंबे मुंबईत आणि कल्याणजवळच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, वसली. विमाने मात्र पुढेही ये-जा करीत राहिली.

६/ आकाश बंद होऊ लागले ते संघर्षांमुळे. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' हे भारतीय विमान लाहोरला पळवून नेले गेले व पुढे जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची-ढाका विमानांना श्रीलंकेचा वळसा पडला. त्याच वर्षी युद्ध झाले. हवाई संबंध पुन्हा जुळायला १९७६ साल उजाडले.

७/ १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला. तेव्हा वाट खुली होती.

८/ संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ व २००३ ही दोन वर्षे दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आकाश बंद ठेवले. बालाकोटनंतर २०१९ मध्ये पुन्हा निर्बंध आले. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, दारे पुन्हा मिटली.

९/ आता हिशेब करू. कराची-दुबई सुमारे १,१९० किलोमीटर, दुबई-मुंबई सुमारे १,९३०. म्हणजे ८७५ किलोमीटरसाठी ३,१०० किलोमीटरहून अधिक प्रवास! हवेत जवळपास पाच तास, आणि दुबईतील प्रतीक्षा वेगळी. सव्वासात तास सहज भरतात.

१०/ नकाशावरील अंतर १९३२ पासून तसूभरही बदललेले नाही आणि विमानाचा वेग कैक पटींनी वाढला आहे. तरीही उल्हासनगरातील एखाद्या आजोबांना आपले जन्मगाव आज दुबईहूनही दूर आहे. म्हणून दोन शहरांमधील अंतर वाचताना किलोमीटरच्या आकड्याशेजारी सालही पाहावे.