लेटर ऑफ रेकमेंडेशन (एलओआर) वेळेवर कसं मिळवायचं? ऑनलाइन पोर्टलची प्रोसेस, वेळापत्रक आणि नेहमीच्या चुका



अमेरिकेत एमएस करायचं ठरवलेल्या मुलांची डिसेंबरमध्ये एक ठरलेली धावपळ असते. जीआरई झालेली असते, एसओपी दहा वेळा बदलून झालेलं असतं, अर्जाची फी भरलेली असते. आणि पोर्टल उघडून बघावं तर तीनपैकी एका सरांच्या नावापुढे अजूनही ‘पेंडिंग’ दिसतं. फोन लावला की सर म्हणतात, “अरे, मला मेल आलाच नाही.”

सर खोटं बोलत नसतात. बहुतेक वेळा मेल खरंच त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो, किंवा पोचून स्पॅममध्ये पडलेला असतो. एलओआर उशिरा येण्याचं कारण बऱ्याचदा सरांची नाराजी नसते, तर आपल्याला ही ऑनलाइन प्रोसेस नीट माहीत नसते. म्हणून आज ती आतून समजून घेऊया.

एलओआर म्हणजे काय?

एलओआर म्हणजे तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकाने किंवा तुमच्या ऑफिसमधल्या वरिष्ठाने तुमच्याबद्दल विद्यापीठाला लिहिलेलं शिफारसपत्र. अमेरिकेत एमएससाठी साधारणपणे तीन पत्रं मागतात, एमबीएसाठी एक किंवा दोन. हे पत्र तुमच्या हातात येत नाही. ते लिहिणाऱ्याकडून थेट विद्यापीठाच्या सिस्टीममध्ये जातं. त्यामुळे कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याची पाच पत्रं घेऊन फाईलमध्ये ठेवली की काम झालं, असं इथे चालत नाही.

पोर्टल कसं काम करतं?

1. तुम्ही विद्यापीठाच्या साइटवर अर्जाचं खातं उघडता.
2. रेकमेंडरच्या पानावर सरांचं नाव, हुद्दा, संस्था आणि ईमेल भरता.
3. तिथेच एक प्रश्न येतो: हे पत्र वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेतल्या 1974 च्या ‘फर्पा’ कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क मिळतो, त्यावरून हा प्रश्न आला. बहुतेक जण हक्क सोडतात, कारण गोपनीय पत्राला जास्त वजन असतं.
4. तुम्ही ‘सेंड’ दाबलं की सिस्टीम सरांना आपोआप मेल पाठवते. त्यात फक्त त्यांच्यासाठी तयार झालेली लिंक असते.
5. सर ती लिंक उघडतात, तुम्हाला किती वर्षं आणि कोणत्या नात्याने ओळखतात ते भरतात, काही ठिकाणी गुणांचा तक्ता भरतात, पत्राची पीडीएफ अपलोड करतात आणि सबमिट करतात.
6. तुमच्या पोर्टलवर ‘रिसीव्हड’ असं दिसतं. पत्रात काय आहे ते दिसत नाही.

महत्त्वाची गोष्ट: अनेक पोर्टलवर अर्ज सबमिट करायच्या आधीच ही लिंक पाठवता येते. अर्ज अर्धवट असला तरी चालतो. पण काही विद्यापीठांत अर्ज सबमिट झाल्यावर किंवा फी भरल्यावरच मेल जातो. तुमच्या यादीतलं कोणतं विद्यापीठ कोणत्या प्रकारचं आहे, हे आधीच बघून ठेवा.

हिशोब करा: पत्रं तीन, लिंक चोवीस

आपल्याला वाटतं सरांना एकच पत्र लिहायचंय. पण आठ विद्यापीठं आणि तीन प्राध्यापक धरले तर चोवीस वेगळ्या लिंक तयार होतात. एका सरांच्या वाट्याला आठ येतात. प्रत्येक लिंकवर फॉर्म वेगळा, प्रश्न वेगळे. एका फॉर्मला पंधरा मिनिटं धरली तरी सरांचे दोन तास जातात, आणि सरांकडे असे विद्यार्थी अजून पाच-सहा असतात. हा हिशोब डोक्यात ठेवला की शेवटच्या आठवड्यात आठवण करून काही उपयोग का होत नाही, ते कळतं.

उशीर नेमका कुठे होतो?

- ईमेल चुकीचा: एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मेल जातच नाही. सर कॉलेज सोडून गेले असतील तर जुना अधिकृत आयडी बंदही झालेला असतो.
- स्पॅम: परदेशी डोमेनवरून आलेला, लिंक असलेला मेल कॉलेजची मेल सिस्टीम सहज बाजूला टाकते.
- अधिकृत आयडी कोणी बघत नाही: बऱ्याच प्राध्यापकांचा रोजचा वापर वैयक्तिक जीमेलवर असतो, पण विद्यापीठं कॉलेजचाच आयडी पसंत करतात. लिंक पाठवायच्या आधी सरांना विचारा, “सर, हा आयडी आपण रोज बघता ना?”
- कॅलेंडर: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी, त्यानंतर सेमिस्टरच्या परीक्षा आणि पेपर तपासणी. त्यात कॉलेजला नॅकची भेट असेल तर सर फायलींच्या ढिगाऱ्यात असतात. आणि अमेरिकेच्या अनेक डेडलाइन 1 डिसेंबर ते 15 जानेवारी याच काळात येतात.

वेळापत्रक असं ठेवा

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या फॉल इनटेकसाठी:

- जुलै-ऑगस्ट: सरांना प्रत्यक्ष भेटून विचारा. शक्यतो गणपतीच्या आधी.
- सप्टेंबर: विद्यापीठांची यादी पक्की करा, सरांना माहितीचा कागद द्या.
- ऑक्टोबर, दिवाळीच्या आधी: सगळ्या लिंक एकाच आठवड्यात पाठवा. रोज एक-एक पाठवलीत तर काही हमखास हरवतात.
- लिंक पाठवल्याच्या दिवशीच: मेल आला का ते विचारा. नसेल तर स्पॅम बघायला सांगा.
- नोव्हेंबर: दर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण.
- सरांना सांगायची तारीख: खऱ्या डेडलाइनच्या दोन आठवडे आधीची.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये ठेवा. रकाने एवढेच: विद्यापीठ, सरांचं नाव, लिंक पाठवल्याची तारीख, मेल मिळाला का, पत्र पोचलं का.

सरांना काय द्यायचं?

दोन पानांचा एक कागद पुरेसा आहे. त्यात सरांनी शिकवलेले विषय आणि तुमचे त्यातले मार्क, त्यांच्या हाताखाली केलेला प्रोजेक्ट, त्यात तुम्ही स्वतः काय केलं, काय अडलं, पुढे काय शिकायचंय आणि विद्यापीठांची यादी डेडलाइनसकट. सोबत रेझ्युमे आणि मार्कशीट. वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, तीन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट सरांना तपशिलात आठवेलच असं नाही.

लिंक पाठवल्यावर करायचा मेसेज असा असू द्या:

“नमस्कार सर, आज आपल्या कॉलेजच्या ईमेलवर आठ विद्यापीठांच्या लिंक पाठवल्या आहेत. इनबॉक्समध्ये दिसत नसतील तर कृपया स्पॅम बघावं. पहिली डेडलाइन 15 डिसेंबर आहे, म्हणून 1 डिसेंबरपर्यंत झालं तर फार मदत होईल. काही अडचण आली तर मी कॉलेजमध्ये येऊन भेटतो. धन्यवाद सर.”

“तूच लिहून आण, मी सही करतो”

हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं आहे. सरांना वेळ नसतो आणि विद्यार्थ्यालाही बरं वाटतं. पण तिन्ही पत्रं एकाच हातची असली की भाषा, लांबी, उदाहरणं सारखी येतात आणि वाचणाऱ्याला ते कळतं. अशा वेळी नम्रपणे म्हणा, “सर, मी सगळे मुद्दे लिहून आणतो, पत्र मात्र आपल्या शब्दांत हवं.” वर सांगितलेला कागद इथेच कामाला येतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे सरांच्या नावाने खोटा ईमेल आयडी काढून स्वतःच पत्र अपलोड करणं. एखादा एजंट “वेळ वाचेल” म्हणून हे सुचवतो. त्याला साफ नकार द्या. विद्यापीठ सरांशी थेट संपर्क करू शकतं, आणि खोटं उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. अर्जावर नाव तुमचं असतं, एजंटचं नाही.

डेडलाइनची वेळ भारतात किती वाजता?

डेडलाइन बहुधा तिथल्या रात्री 11:59 ची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क, बोस्टनकडच्या ईस्टर्न वेळेपेक्षा आपण साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 10:29. कॅलिफोर्नियाची पॅसिफिक वेळ असेल तर दुपारचे 1:29. शेवटच्या क्षणी एवढी सकाळ हातात असते, पण त्यावर विसंबून राहू नका.

एमबीए आणि लॉसाठी थोडं वेगळं

एमबीएला प्राध्यापकापेक्षा ऑफिसमधला वरिष्ठ योग्य. अनेक बिझनेस स्कूल जीमॅकचा सामाईक फॉर्म वापरतात, त्यामुळे तेच मुख्य प्रश्न अनेक ठिकाणी चालतात. त्यात, तुम्हाला कोणती सुधारणा सुचवली आणि तुम्ही ती कशी घेतली, असाही एक प्रश्न असतो. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा.

अमेरिकेतल्या अनेक लॉ स्कूलसाठी पत्र एलसॅक या संस्थेकडे एकदाच जातं आणि तिथून वेगवेगळ्या स्कूलना पाठवलं जातं.

नेहमीचे प्रश्न

*मेल हरवला तर?* पोर्टलवर ‘रीसेंड’ किंवा ‘रिमाइंडर’ बटण असतं. नवीन नाव भरण्याआधी ते वापरा.

*ईमेल चुकला तर?* पत्र आलेलं नसेल तोपर्यंत बऱ्याच पोर्टलवर ती नोंद काढून नवी भरता येते.

*सरांनी ऐनवेळी नाही म्हटलं तर?* म्हणूनच चौथ्या व्यक्तीला सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा.

*डेडलाइननंतर पत्र आलं तर?* काही विद्यापीठं अर्जदाराच्या डेडलाइननंतरही पत्रासाठी थोडे दिवस देतात, काही अजिबात देत नाहीत. अ‍ॅडमिशन ऑफिसला लगेच मेल करा, गप्प बसू नका.

एका अर्जाची फी अनेक ठिकाणी 75 ते 125 डॉलर असते. एक पत्र नसेल तर तो अर्ज अपूर्ण ठरू शकतो, आणि मग पैशांसोबत वर्षही जातं. म्हणून आजच एक काम करा: शीट उघडा आणि तीन सरांची नावं लिहा. आणि हो, प्रवेश मिळाला की पेढे घेऊन सरांना नक्की भेटा. पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनिअरला त्याच सरांकडे जायचंय!