पडलेल्यांची बखर

भिलाईचा लिखित इतिहास तारखांचा आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 10 लाख टन. मधल्या मध्ये, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि पुढे 2000 साली पुन्हा त्याच तारखेला रायपूरला आली. हे सगळं छापलेलं आहे. सेक्टर सहाच्या चौकात कोण सायकलवरून पडलं आणि का, हे मात्र कुठेच नाही. गेली काही वर्षं मी ते गोळा करतो आहे.

नागपूर, भंडारा, गोंदिया इकडून जी मराठी कुटुंबं कारखान्यापायी इथे आली, त्यांच्या सामानात बिछान्याची वळकटी, पोळपाट-लाटणं आणि बहुतेक वेळा एक काळी सायकल होती. रस्ते रुंद, सपाट, दुतर्फा झाडं. सायकलसाठीच आखल्यासारखं गाव. सहाची, दोनची आणि दहाची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून वाहायचा. त्या काळात पडलेल्या माणसांना मी भेटलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ते पडण्याला चूक म्हणतच नाहीत. 'चेन पडली', 'पँट अडकली', 'पाऊस होता', संपलं. हाजिरी चुकू नये म्हणून उठायचं, हँडल गुडघ्यांत धरून सरळ करायचं आणि टांग मारायची. कामाला निघालेल्या माणसाच्या पडण्याला कुणी हसत नाही. हसू येतं ते हौसेनं पडलेल्याचं, कारण त्याला कुणी सायकलवर बस म्हणून सांगितलेलं नसतं.

आणि सायकलचा आरंभच हौसेत आहे. 1870 च्या दशकात युरोपात जी उंच चाकाची सायकल आली तिच्यात स्वार जवळपास माणसाच्या छातीइतक्या उंच चाकाच्या माथ्यावर बसायचा. वाटेत एक दगड आला की सायकल तिथेच राहायची आणि स्वार डोक्यावर पुढे जायचा. इंग्रजांनी या प्रकाराला नावच देऊन टाकलं होतं, 'हेडर'. पैसेवाल्या तरुणांचा हा छंद. पडणं हा त्यातला जणू अर्धा भाग. मार्क ट्वेननं अशाच सायकलवर शिकवणी लावली होती आणि त्यावर एक लेख लिहिला. त्यात कुंपणावर बसून त्याच्या प्रगतीवर शेरे मारणारा एक पोरगा आहे. तो पोरगा मी सिव्हिक सेंटरजवळच्या चहाच्या टपरीवर अनेकदा पाहिला आहे, फक्त आता त्याच्या हातात फोन असतो.

ट्वेननं त्या लेखात सांगितलेली एक गोष्ट मात्र विनोद नाही. ज्या बाजूला पडतो आहोत त्याच बाजूला चाक वळवायचं. बुद्धी नेमकं उलट सांगते, म्हणून मोठी माणसं शिकताना जास्त पडतात. लहान मूल बुद्धीला विचारत नाही. 1885 साली जॉन केम्प स्टार्लीनं दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' काढली, 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, पडण्याची उंची कमी झाली. नियम तोच राहिला. आपल्याकडे त्याच 1888 साली बेळगावात किर्लोस्करांचं सायकलचं दुकान निघालं. तिथे सायकली विकत, दुरुस्त करत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे नांगर आले, किर्लोस्करवाडी आली आणि उद्योगचरित्रांत दुकानाला एखादं वाक्य उरलं. मला त्या दुकानात कुतूहल आहे ते शिकवणीचं. भारदस्त पागोट्यातली माणसं बेळगावच्या रस्त्यावर धडपडताना कोण कोण बघत असेल, आणि त्यातलं कुणी घरी जाऊन काय सांगत असेल.

गोळा केलेल्या गोष्टींपैकी काहींवर माझा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकतो. भिलाईत प्रत्येक सेक्टरमध्ये एक गोष्ट सांगतात: नवरा-बायको डबलसीट सिनेमाला निघाले, नवऱ्यानं बायको कॅरिअरवर बसली असं समजून पॅडल मारलं आणि वाटभर तिच्याशी बोलत बोलत थेट थिएटर गाठलं. बायको घराच्या फाटकाशी उभी. सेक्टर दोनमध्ये तो माणूस भंडाऱ्याचा असतो, सेक्टर सातमध्ये तेलुगू, दुर्गात गेलं की मारवाडी. 1900 साली छापलेल्या जेरोम के. जेरोमच्या पुस्तकात हॅरिस नावाचा इंग्रज हॉलंडमध्ये दोघांच्या सायकलवरून नेमका असाच बायको मागे टाकून जातो. म्हणजे गोष्ट इंग्लंडहून आली असं मी म्हणत नाही. जिथे जिथे नवरा पुढे आणि बायको मागे बसली, तिथे तिथे ती आपोआप उगवली असेल. पण इतिहासाच्या वहीत तिला मी 'ऐकीव' या रकान्यात ठेवलं आहे.

दुसरी मात्र खरी वाटते, कारण ती चार वेगवेगळ्या माणसांनी स्वतःबद्दल सांगितली. सायकल स्टँडवर शेकडो सायकली, सगळ्या काळ्या, सगळ्यांना तसलंच कुलूप. रात्रपाळी संपवून डोळे मिटत आलेला माणूस किल्ली लावतो, कुलूप उघडतं, घरी जातो, झोपतो. संध्याकाळी लक्षात येतं की सीट उंच आहे. त्या स्वस्त कुलपांच्या किल्ल्यांत फारसे प्रकार नसायचे, त्यामुळे हे घडणं अगदी शक्य होतं. चौघांपैकी एकानं ती सायकल दुसऱ्या दिवशी परत नेऊन त्याच जागी लावली, तर तिथे त्याची स्वतःची सायकल कुणीतरी आधीच आणून ठेवलेली होती. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत.

मग मोटारसायकली आल्या, कारखान्यातली माणसं कमी झाली, सायकल गरिबाची खूण ठरली. 2018 पासून संयुक्त राष्ट्रांनी 3 जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. 2020 मध्ये नेमक्या त्याच दिवशी ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी, टाळेबंदीनंतर, भिलाईत हौशी सायकलस्वारांची नवी पिढी रस्त्यावर आली. हेल्मेट, चष्मा, मांडीला चिकटणारी चड्डी. पहाटे मैत्रीबागेकडे, मरोद्याकडे, रविवारी शिवनाथच्या पुलापर्यंत.

या पिढीचं पडणं वेगळं आहे. ते थांबून पडतात. 1984 साली लूक या फ्रेंच कंपनीनं बर्फावर घसरण्याच्या बुटांची पकड पॅडलला आणली, पुढच्या वर्षी बर्नार इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला, आणि बूट पॅडलमध्ये अडकवण्याची चाल हौशी लोकांपर्यंत पोचली. सुटायला टाच बाहेर फिरवावी लागते. सिग्नल लाल होतो, माणूस ऐटीत थांबतो, पाय वर ओढतो, पाय येत नाही. मग तो अत्यंत सावकाश, झाड कोसळावं तसा, सायकलसकट आडवा होतो. वेग शून्य असल्यामुळे लागत फारसं नाही. शेजारी भाजीची पाटी घेऊन उभी असलेली छत्तीसगढी बाई मात्र धावून येते, कारण तिला वाटतं याला भोवळ आली.

खोक्यातून मागवलेली महाग सायकल घरी जोडायची ही दुसरी हौस. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. पाना हातात घेतलेले इंजिनिअर ते हमखास जोर लावून खराब करतात. पुढचा चिमटा उलटा बसवणं तर अगदी नेहमीचं. अशी सायकल चालते, पण सरळ जायला कुरकुरते आणि वळणावर बूट चाकाला लागतो. एकानं महिनाभर तशीच चालवली आणि 'रेसिंग सायकल अशीच असते' असं मित्रांना समजावूनही सांगितलं. पॉवर हाऊसच्या बाजूला पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ट्यूबकडे न बघता चिमट्याकडे बघितलं आणि विचारलं, ''साहब, ये गाड़ी पीछे जाने के लिए है क्या?'' चाळीस वर्षं कामगारांच्या सायकली दुरुस्त केलेल्या त्या माणसानं यासाठी पैसे घेतले नाहीत. हसण्याचीच भरपाई झाली असावी.

इथवर माझ्या वहीत सगळे पुरुष आहेत. बायकांच्या पडण्याच्या गोष्टी मला कित्येक दिवस मिळाल्याच नाहीत, आणि कारण विचारलं की उत्तर एकच: शिकलोच नाही. मुलगा पडला तर पोरं हसतात. मुलगी पडली की आई तिला घरात बोलावते. 1895 साली अमेरिकेत फ्रान्सिस विलार्डनं त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकण्यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि सायकलचं नाव ठेवलं ग्लॅडिस. त्याच वर्षी मॉस्कोत टॉलस्टॉय सदुसष्टाव्या वर्षी शिकले. त्यांना पडायची मुभा होती, प्रतिष्ठेनं दिलेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेनं हजारो गरीब बायकांना एकदमच सायकल शिकवली. सगळ्याच पडत होत्या, त्यामुळे हसणार कोण? छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेनं शाळेतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा दुर्गच्या आसपासच्या गावांतही हेच झालं. आठ-दहा मुली एका रांगेत शाळेला निघाल्या की टपरीवरचा पोरगा गप्प बसतो.

टाउनशिपमधल्या साठीच्या बायका आता शिकतात त्या पहाटे पाचला, दिवे जाईपर्यंत. सूर्य उगवायच्या आत सायकल घरात. त्यांच्यातल्या एका काकूंनी, नाव न लिहिण्याच्या अटीवर, मला त्यांच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका दाखवली. दुधाच्या आकड्यांशेजारी लहान फुल्या होत्या. एक फुली म्हणजे एकदा पडणं. माझ्याजवळ असलेला हा एकमेव लेखी पुरावा. मार्चमध्ये चौदा फुल्या, एप्रिलमध्ये तीन. मे कोरा आहे. मी अभिनंदन करायला लागलो तर म्हणाल्या, ''छे हो, मे महिन्यात नागपूरहून जाऊबाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर कुठे सायकल काढता!''